हिरवा दिवा आणि लॉगशीट

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आमच्या लीड्सच्या घरात जिन्याखालच्या कपाटातून 'बीप बीप' असा आवाज यायला लागला. बायकोला वाटलं, स्मोक अलार्मची बॅटरी संपली असेल. मी खुर्चीवर चढून अलार्म तपासला, तर तो गप्प होता. कपाट उघडलं तेव्हा कळलं की ओरडतंय ते आमचं नॅस.

नॅस म्हणजे राउटरला जोडलेली, आत दोन हार्ड डिस्क असलेली एक छोटी पेटी. घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं त्यात जातात. आमच्या पेटीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा दोनदा लिहिला जातो. एक डिस्क गेली तरी दुसरी असते, म्हणून याला 'मिररिंग' म्हणतात. परदेशात राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत आता अशी पेटी असते. ती राउटरशेजारी ठेवायची आणि हिरवा दिवा लुकलुकतोय ना, एवढं जाता-येता बघायचं. माझं तरी वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

त्या दिवशी एक दिवा नारिंगी झाला होता. दोनपैकी एक डिस्क पडली होती. ब्राउझरमध्ये पेटीचं पान उघडलं, तर नवीन डिस्क घालून 'रिपेअर' बटण दाबा असा सल्ला तिथे होता. शहरातल्या दुकानात डिस्क मिळते हे माहीत होतं. जॅकेट घातलं, गाडीची किल्ली घेतली आणि दारात थबकलो.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. ऑफिसात सर्व्हरला काही झालं की नव्या पोरांना मी पहिलं वाक्य ऐकवतो, "आधी लॉग बघा, मग हात लावा." आणि घरच्या पेटीचा लॉग मी विकत घेतल्यापासून एकदाही उघडला नव्हता. जॅकेट काढलं आणि बसलो.

लॉग म्हणजे यंत्राने स्वतःबद्दल लिहिलेली रोजनिशी. हा शब्द जहाजांवरून आला. पूर्वी खलाशी दोरीला लाकडाचा ओंडका बांधून पाण्यात सोडायचे, दोरीच्या गाठी मोजून जहाजाचा वेग काढायचे आणि तो वहीत लिहायचे. ती वही म्हणजे लॉगबुक. कॉम्प्युटरच्या जगात 1980च्या दशकात एरिक ऑलमन यांनी ईमेल पोचवणाऱ्या 'सेंडमेल' या प्रोग्रॅमसोबत 'सिसलॉग' तयार केलं. त्याच पद्धतीत थोडेफार बदल होत आज जगभरातली यंत्रं नोंदी ठेवतात. नोंदीला महत्त्वाप्रमाणे 0 ते 7 असा आकडा असतो. 0 म्हणजे आणीबाणी, 3 म्हणजे चूक, 4 म्हणजे इशारा, 6 म्हणजे नुसती माहिती आणि 7 म्हणजे इंजिनिअर लोकांसाठीची बारीकसारीक बडबड. आकडा जितका लहान तितकं काम तातडीचं.

मी 4 आणि त्याखालचे आकडे असलेल्या नोंदी गाळून काढल्या. उन्हाळ्यापासूनचं सगळं तिथे लिहिलेलं होतं.

हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे स्वतः ठेवते. या सोयीला 'स्मार्ट' म्हणतात. त्यातले तीन-चार आकडे घरच्या माणसालाही कळण्यासारखे आहेत. पाच नंबरचा आकडा सांगतो की डिस्कवरच्या किती जागा खराब झाल्या म्हणून डिस्कने त्याऐवजी राखीव जागा वापरायला घेतल्या. 197 नंबर सांगतो की किती जागा वाचता येत नाहीत आणि त्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे. 198 म्हणजे तपासणीतही वाचता न आलेल्या जागा. हे आकडे शून्य असावेत, आणि शून्यावरून वाढत चालले तर डिस्क म्हातारी झाली समजावं. 199 वाढत असेल तर मात्र बहुतेक वेळा डिस्कचा दोष नसतो, जोडणीची केबल सैल किंवा खराब असते.

पडलेल्या डिस्कचा पाच नंबर जूनपासून वाढत होता. ते अपेक्षितच होतं. पोटात गोळा आला तो दुसऱ्या, म्हणजे 'चांगल्या' डिस्कच्या नोंदी बघून. तिचा 197 नंबर जुलैत 8 होता, सप्टेंबरात 16 आणि आता 24. दर महिन्याच्या मोठ्या तपासणीपुढे तीन महिने 'रीड फेल्युअर' लिहिलेलं होतं.

म्हणजे मी दुकानातून डिस्क आणून 'रिपेअर' दाबलं असतं, तर पेटीने या दुखऱ्या डिस्कचा कोपरान् कोपरा कित्येक तास सलग वाचला असता. नवीन डिस्कवर उतरवायला डेटा तिथेच होता ना! त्या ताणाखाली तिने मान टाकली असती, तर दोन्ही गेल्या असत्या.

हे सगळं मला आधी का कळलं नाही? तेही लॉगमध्येच होतं. प्रत्येक इशाऱ्याखाली एक ओळ होती, 'ईमेल पाठवता आला नाही'. पेटी लावली तेव्हा मी इशाऱ्यांसाठी तेव्हाच्या नोकरीचा ईमेल दिला होता. ती नोकरी सोडून मला दोन वर्षं झाली. पेटी बिचारी दर वेळी बंद दारावर टकटक करून परत येत होती.

तरी मी फार घाबरलो नव्हतो, कारण दुसरी पेटी होती साताऱ्याला. आईबाबांच्या घरी हॉलमध्ये टीव्हीशेजारी तसंच एक नॅस मी ठेवून आलो होतो. इथे रोज रात्री साडेनऊला बॅकअप सुरू होतो आणि दिवसभरात जे नवीन आलं ते साताऱ्याच्या पेटीत जाऊन बसतं. इथे घर जळालं, चोरी झाली, तरी साताऱ्याला प्रत सुरक्षित. मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी मित्रांना कितीदा सांगितलं असेल! चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते, म्हणून वेगळ्या जागी वेगळी प्रत हवी.

बॅकअपचं पान उघडलं. साताऱ्याच्या पेटीपुढे हिरवी खूण होती, 'ऑनलाइन'. आणि त्याखाली बारीक अक्षरात होतं, शेवटचा यशस्वी बॅकअप 29 ऑगस्ट.

तेव्हा हात गार पडले. त्याचं कारण होतं सहा टेप.

उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याला गेलो होतो, तेव्हा माळ्यावर जुन्या हँडीकॅमच्या सहा टेप सापडल्या होत्या. 2006 सालच्या दिवाळीच्या आणि ताईच्या लग्नाच्या. त्यात माझी आजी आहे. चकलीचं पीठ कसं झालंय ते अंगठ्याने दाबून बघते, कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं की पदर सारखा करते आणि "बंद कर रे ते, काम कर काहीतरी" म्हणते. आजी 2008 साली गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. टेपना पावसाळी हवेने बुरशी धरली होती. पुण्यात ज्या दुकानात दिल्या तिथले गृहस्थ म्हणाले, एकदा वाजतील, दुसऱ्यांदा सांगता येत नाही. त्यांनी साफ करून, एकदाच वाजवून पेन ड्राइव्हवर फाइली दिल्या. टेप आम्ही टाकून दिल्या. दुकानदार प्रत महिनाभर ठेवतात, मग पुसतात. तो पेन ड्राइव्ह इकडे आल्यावर महिनाभर बॅगेतच पडला होता. सप्टेंबरात एका रविवारी मी फाइली नॅसवर टाकल्या, "आता दोन देशांत चार प्रती झाल्या" असं बायकोला ऐटीत सांगितलं आणि पेन ड्राइव्ह पुसून लेकीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी दिला.

चार प्रती नव्हत्याच. एकच होती, आणि ती 24 जागा वाचता न येणाऱ्या डिस्कवर होती.

रिपेअर वगैरे बाजूला ठेवलं. यूएसबीला एक साधी डिस्क लावली आणि आधी त्या सहा फाइली कॉपी करायला घेतल्या. पाच सरळ आल्या. सहावी साठ टक्क्यांवर अडकली. तिच्यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचा प्रोग्रॅम लावला. तो वाचता न येणाऱ्या जागेवर डोकं आपटत बसत नाही. ती ओलांडून पुढचं सगळं आधी उतरवून घेतो आणि मग मागे येऊन राहिलेल्या जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतो. याला वेळ लागणार होता. तोवर साताऱ्याचं काय झालंय ते बघायचं ठरवलं आणि बाबांना फोन लावला. आपल्याकडे दुपारचे अडीच वाजले होते.

साताऱ्याच्या पेटीचं ॲडमिनचं पान बाहेरून उघडता येऊ नये, अशी सोय मीच केली होती. अशी पाने इंटरनेटवर उघडी ठेवणं म्हणजे चोराला आमंत्रण. त्यामुळे लॉग घरात बसूनच काढावा लागणार होता. "बाबा, लॅपटॉप घ्या. ब्राउझर उघडा. मी सांगतो तो नंबर टाका."

पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर स्क्रीनचे अकरा फोटो आले. सगळे तिरके, आणि प्रत्येकात ट्यूबलाइटचा पट्टा. मग मी समजावलं की पानाचे फोटो नकोत, पूर्ण फाइल हवी. लॉग बघणं आणि लॉग काढून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पानावर दिसतात त्या निवडक, सभ्य भाषेतल्या ओळी. खरा ऐवज असतो तो आतल्या फाइलींमध्ये, आणि त्या सगळ्या एकत्र बांधून डाउनलोड करायची सोय जवळजवळ प्रत्येक पेटीत असते. सिनॉलॉजीत ती 'सपोर्ट सेंटर'मध्ये आहे, क्यूनॅपमध्ये 'हेल्पडेस्क'मध्ये, ट्रूनॅसमध्ये बटणाचं नावच 'सेव्ह डीबग' आहे. बाबांना आमच्या पेटीतलं बटण सापडलं, वीस एमबीची झिप फाइल तयार झाली आणि त्यांनी ती मला ईमेलने पाठवली.

(एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. या फाइलीत तुमच्या घरचा इंटरनेट पत्ता, घरातल्यांची युजर नावं, यंत्राचा सीरियल नंबर, कधी कधी फोल्डर आणि फाइलींची नावंसुद्धा असतात. ती कंपनीच्या सपोर्टला द्यायची, ओळखीच्या जाणत्या माणसाला द्यायची. मदत मागताना दोनशे माणसांच्या ग्रुपवर टाकायची नाही.)

फाइल उघडली आणि चक्रावलो. पेटी दर पाच मिनिटांनी डिस्कचं तापमान लिहीत होती. संध्याकाळी 18:05, 18:10, आणि मग एकदम मध्यरात्रीनंतरची 01:40. मधले साडेसात तास कोरे. 01:40ला पहिली ओळ, 'मागच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नव्हतं'. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. 30 ऑगस्टपासून रोज. यंत्राचा वीजपुरवठा रोज एकाएकी तुटत होता, आणि माझी बॅकअपची वेळ नेमकी त्या कोऱ्या तासांत होती.

लॉगमध्ये चुकीची ओळ शोधायची आपल्याला सवय असते. पण ज्या यंत्राची वीजच गेली ते ओळ लिहिणार कशी? तिथे न लिहिलेली जागा शोधावी लागते.

"बाबा, साताऱ्यात रोज संध्याकाळी सव्वासहाला लाइट जाते का?"

"नाही बुवा. आणि गेली तरी आपल्याला इन्व्हर्टर आहे."

"मग गंमतच आहे. ऑक्टोबरपर्यंत रोज सहा-सव्वासहाला पेटी बंद पडते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून पाच-सव्वापाचला. कुणी वेळ बदलल्यासारखी एक तास अलीकडे."

बाबा जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला आठवडाभराच्या वेळा वाचून दाखव. सगळ्या."

इथे बाबांविषयी सांगायला हवं. ते वीज मंडळाच्या 132 केव्ही सबस्टेशनमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. तिथे दर तासाला लॉगशीट भरायची असते. व्होल्टेज किती, प्रत्येक फीडरवर किती अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान, वाइंडिंगचं तापमान, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. रात्रपाळीत पहाटे तीनलासुद्धा बॅटरी घेऊन यार्डात जायचं, मीटर वाचायचं आणि येऊन लिहायचं. मी लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा ते मोठे छापील कागद बघितले होते. माझ्या आणि बाबांच्या कामाचा काही संबंध असेल, असं मला त्या शनिवारपर्यंत कधी वाटलं नव्हतं.

मी वाचत गेलो. 18:10, 18:05, 18:15, 18:10, 18:10, 18:05, आणि रविवारी 18:55.

"हे फॉल्ट नाही आणि वेळापत्रकही नाही," बाबा म्हणाले. "वेळापत्रकाने जाते ती ठरल्या मिनिटाला जाते. फॉल्टने जाते ती कधीही जाते. हे माणसाच्या हाताचं काम आहे. रोज साधारण त्याच वेळी, पण पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. आणि रविवारी वेगळं." मग विचारलं, "त्या डब्यातलं घड्याळ कुठलं आहे रे? इथलं की तिथलं?"

मी डोक्याला हात लावला. पेटी मी लीड्समध्ये सेट करून साताऱ्याला नेली होती. टाइमझोन लंडनचा तसाच राहिला होता. इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. साताऱ्यात काहीच बदललं नव्हतं, पेटीचं घड्याळ इंग्लंडच्या हिशेबाने मागे सरकलं होतं. उन्हाळ्यात साडेचार तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेपाच. 18:10 म्हणजे साताऱ्याचे रात्रीचे दहा चाळीस. 17:10 म्हणजेसुद्धा दहा चाळीसच. आणि 01:40 म्हणजे सकाळचे सहा दहा.

रात्री दहा चाळीस. मालिका संपते, आई टीव्ही बंद करते आणि बोर्डाचं बटण बंद करते. रविवारी मालिका नसते, सिनेमा असतो, म्हणून अकरा पंचवीस. सकाळी सहा दहाला उठली की पुन्हा चालू.

मी ऑफिसातून येऊन, जेवून, कधी सातनंतर पान उघडायचो तेव्हा साताऱ्याच्या पेटीपुढे 'ऑफलाइन' दिसायचं. मला वाटायचं, तिकडचं इंटरनेट गेलं असेल. शनिवारी सकाळी बघावं तर हिरवी खूण. मी हिरवी खूण लक्षात ठेवली आणि दुसरी विसरलो.

"पण बाबा, आईने कधीच ते बटण बंद केलं नव्हतं. मी वर कागद चिकटवून आलोय, 'बंद करू नये'. ऑगस्टच्या शेवटालाच काय झालं?"

पलीकडे शांतता. मग आईचा आवाज आला. ती केव्हापासून शेजारी बसून ऐकत होती.

"अरे, ह्यांना डोळ्यावर उजेड यायचा."

"डोळ्यावर? बाबा वर झोपतात ना?"

पुन्हा शांतता. आणि मग हळूहळू बाहेर आलं. गणपतीच्या आठवड्यात, पावसात जिना ओला होता. बाबा तीन पायऱ्या घसरले. पायाच्या घोट्याला क्रॅक. साडेतीन आठवडे प्लॅस्टर. जिना चढणं बंद, म्हणून त्यांची कॉट खाली हॉलमध्ये आणली, टीव्हीसमोर. रात्री अंधारात पेटीचा हिरवा दिवा सतत लुकलुकायचा. आधीच दुखण्याने झोप नाही, त्यात ते. आईने कागद वाचला, दोन मिनिटं विचार केला आणि बटण बंद केलं. प्लॅस्टर निघालं, पण जिन्याची भीती बसली ती बसलीच. कॉट खालीच राहिली.

या काळात आम्ही दर रविवारी व्हिडिओ कॉल करत होतो. बाबा खुर्चीत बसलेले, छातीपासून वर दिसायचे. "कसे आहात?" "मस्त. सगळं ठीक." मीही इकडून तेच सांगायचो. ऑक्टोबरात माझ्या ऑफिसात चाळीस जणांना काढलं आणि माझी खुर्ची दोन आठवडे डगमगत होती, ते मीही त्यांना सांगितलं नव्हतं.

"का नाही सांगितलंत?"

"तू तिथून काय करणार होतास? नुसती काळजी," आई म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा मात्र जरा वेळाने म्हणाले, "आमच्याकडे काही ऑपरेटर तासातासाला उठायचे नाहीत. पाळी संपताना आठ तासांची रीडिंग एकदम भरायचे. साहेब शीट नुसती लांबून बघून ओळखायचे. खरी रीडिंग कधी एकसारखी नसतात. सगळ्या रकान्यांत तेच दिसलं की समजायचं, बसल्या जागी भरलंय." थोडं थांबून म्हणाले, "आपलंही तसंच झालंय. दर रविवारी सगळं ठीक."

मग मी त्यांना ऑफिसचं सांगितलं. बराच वेळ बोललो. जिन्याखालच्या कपाटात डीडीरेस्क्यू चालूच होतं.

रात्री एकला ते संपलं. सहाव्या फाइलीत तीन-चार सेकंद गेले. आजी चकलीचा सोऱ्या हातात घेते, चित्र चौकोनी चौकोनी होऊन फुटतं आणि सावरतं तेव्हा पहिली चकली ताटात पडलेली असते. बाकी सगळं आलं. "बंद कर रे ते" सुद्धा आलं.

पुढच्या आठवड्यात दोन्ही डिस्क नव्या घातल्या, पेटी पहिल्यापासून तयार केली आणि उतरवून घेतलेला डेटा परत भरला. इशाऱ्यांचा ईमेल बदलला आणि 'चाचणी संदेश' बटण दाबून तो खरंच येतो हे बघितलं. साताऱ्याच्या पेटीचा टाइमझोन भारताचा केला. तिला छोटा यूपीएस जोडला आणि त्याची यूएसबी वायर पेटीत घातली, म्हणजे वीज गेलीच तर पेटी आपण होऊन नीट बंद होईल. आणि एक सेटिंग असं होतं की रात्री दहा ते सकाळी सहा पुढचे दिवे बंद. ते करायला अर्धं मिनिट लागलं. बाबांच्या झोपेसाठी आणि आजीच्या आवाजासाठी एवढंच पुरेसं होतं. फक्त मला कळायला हवं होतं.

आणखी एक बदल केला. लॉग पेटीतच ठेवला तर पेटीबरोबर तोही जातो, आणि जागा भरली की जुन्या ओळी आपोआप पुसल्या जातात. म्हणून दोन्ही पेट्या आता आपल्या नोंदी माझ्याकडच्या एका छोट्या रास्पबेरी पाय कॉम्प्युटरवरही पाठवतात. सिसलॉगची ही सोय जवळपास प्रत्येक पेटीत असते, नुसता पत्ता भरावा लागतो.

तुमच्याकडे अशी पेटी असेल तर एवढं करा. या शनिवार-रविवारी तिचं लॉगचं पान उघडा. इशारे आणि चुका गाळून बघा. स्मार्टचे 5, 197 आणि 198 हे आकडे कागदावर लिहून ठेवा, महिन्याने पुन्हा बघा. शेवटचा यशस्वी बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते वाचा, आणि त्यातली एक फाइल खरंच परत उतरवून उघडून बघा. घड्याळ कोणत्या देशाचं आहे तेही बघा. काही बिघडलंच तर कुठलंही 'रिपेअर' दाबण्याआधी लॉगची फाइल डाउनलोड करून दुसरीकडे ठेवा. आणि गावाकडे पेटी ठेवली असेल तर तिथल्या माणसांना नुसतं 'बंद करू नये' लिहून देऊ नका. का बंद करायचं नाही, आणि त्रास झाला तर काय करायचं, तेही सांगा.

बाबांनी आता टीव्हीशेजारी एक वही ठेवली आहे. पट्टीने रकाने आखलेत. तारीख, दिवे, डिस्क एकचं तापमान, डिस्क दोनचं तापमान, बॅकअप, शेरा. दर रविवारी कॉलच्या आधी त्या पानाचा फोटो येतो, सरळ, ट्यूबलाइट बंद करून काढलेला. गेल्या रविवारच्या पानावर बॅकअपच्या रकान्यात सातही दिवस 'ठीक' होतं. शेऱ्यात बुधवारी लिहिलं होतं, 'घोटा थोडा दुखतो. गरम पाण्याने शेकला. जिना एकदा चढलो.'